शांत भूत

चित्रांच्या काळ्या शाईची बाटली उघडली, की त्या वासासरशी बुऱ्हाणपूरच्या घरातली एक दुपार आठवते. माझा मोठा भाऊ तापीत बुडाला, त्यानंतर काही वर्षांनी मी एक कॉमिक काढलं होतं. त्यात बुडालेला मुलगा रोज संध्याकाळी घरी येऊन गुपचूप जेवायला बसतो आणि तो का येतो, याचा घरचे शोध घेतात. त्याची सिरियल करायची म्हणून मुंबईहून एक लेखिका आली होती. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात ती आवाज चढवून म्हणाली, "तुमचं भूत फारच शांत आहे. शेवटी कळू दे, की बापानंच त्याला बुडवलं." चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. "याचे बाबा तर तीन दिवस नदीवरून हटले नव्हते," ती म्हणाली. लेखिका ओशाळली. "काकू, ही फक्त गोष्ट आहे." आई माझ्याकडे पाहत राहिली. मी मान खाली घातली आणि सिरियलच्या कराराच्या कागदांवर सही केली. सिरियल लागली, तेव्हा बाबांनी एकही भाग चुकवला नाही. शेवटचा भाग संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "बेटा, तुले बी असंच वाटते का?" मी नाही म्हणालो, पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबलो. ते थांबणं बाबांनी पाहिलं. मी का थांबलो, हे मला आजही सांगता येत नाही.