सात नंबरचं अंतर

"सात नंबरने तुमचा चेंडू किती जातो?" असं आमच्या भाऊजींना कुणीही विचारावं, उत्तर ठरलेलं. दीडशे. 'साधारण दीडशे' नाही, 'दीडशेच्या आसपास' नाही. सरळ दीडशे, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते तसं. आणि मी काउंटरमागे बसून दात-ओठ खायचे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी गोल्फच्या रेंजवर काउंटर सांभाळते. रेंज म्हणजे काय ते, हा खेळ न खेळणाऱ्या सुखी माणसांसाठी सांगून टाकते. लांबलचक मैदान, तीन बाजूंना उंच जाळी आणि चौथ्या बाजूला दुमजली शेड. शेडमध्ये रबरी मॅटवर उभं राहायचं आणि बादलीभर चेंडू समोर मारत सुटायचं. मैदानात पाट्या रोवलेल्या असतात, शंभर, दीडशे, दोनशे. चेंडू ज्या पाटीपाशी पडला तितके यार्ड तो गेला, असं समजायचं. काठ्या वेगवेगळ्या, प्रत्येकीला नंबर. नंबर जितका लहान तितका चेंडू लांब. मारलेला चेंडू आणायलाही जायचं नाही, आमची जाळीवाली गाडी फिरून तो गोळा करते. धुऊन पुन्हा बादलीत भरायचं काम माझं. हजार वेळा मार खाल्लेले चेंडू ते, त्यांच्यात जीव तो काय उरणार!

भाऊजी आधी छापखान्यात मशीनवर होते. छापखाना बंद पडला, मग बरेच दिवस घरीच. शेवटी मीच मालकांच्या मागे लागले आणि त्यांना मॅट झाडायला, काठ्या पुसायला लावून घेतलं. झाडता झाडता माणूस मारायला लागला, आणि मारता मारता पार वेडा झाला. एक मात्र कबूल करते, नवख्यांना शिकवावं तर त्यांनीच. थरथरणाऱ्या आजोबांनाही काठी अशी धरायला द्यायचे, की ते आजोबा घरी जाताना शीळ घालत जायचे. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणायचे. थट्टेने सुरू झालेलं नाव, नंतर तसंच चिकटलं.

पण खरा मास्तर व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. खऱ्याखुऱ्या मैदानावर, एका दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे दर फेरीला अठरा ठिकाणी झेंड्याखालच्या भोकात चेंडू घालायचा, आणि एकूण फटके ठरलेल्या आकड्याच्या आत. भाऊजी आधी दोनदा नापास झालेले. मालक तसा वाईट माणूस नाही, पण धंदा आहे त्याचा. त्याने सांगून ठेवलं होतं, "मास्तर, या खेपेला पास व्हा, शिकवायची जागा तुमची. नाहीतर मला बाहेरचा माणूस आणावा लागेल. लोक कागद विचारतात हो." म्हणजे ही शेवटचीच संधी. एवढं साधं होतं सगळं.

आता रेंजवर येणाऱ्या माणसाची एक खोड असते. मोठे साहेब असोत नाहीतर कारकून, सगळे एकाच माळेचे मणी. वीस चेंडू मारतील. त्यातले बरेचसे अलीकडेच फुस्स होतील, दोन-तीन जाळीत जाऊन अडकतील आणि एखादा, कसा कोण जाणे, दीडशेच्या पाटीला जाऊन टेकेल. की झालं! तो एक आपला, बाकीचे सावत्र. घरी जाऊन बायकोला सांगणार, आज दीडशे मारला. भाऊजींचंही तेच, फक्त यांनी त्या एका चेंडूवर सगळा संसार मांडलेला.

परीक्षेच्या आधी कधीतरी एक गिऱ्हाईक अंतर मोजायचं यंत्र काउंटरवर विसरून गेलं. छोट्या दुर्बिणीसारखं असतं ते. झेंड्यावर किंवा पाटीवर रोखायचं, बटण दाबायचं, आत आकडा उमटतो. मला काय, रिकामा वेळ होता. मी वरच्या मजल्यावर गेले, भाऊजींच्या नेहमीच्या मॅटवर उभी राहिले आणि दीडशेची पाटी मोजली. एकशे अडतीस. म्हटलं, आपलाच हात हलला असेल. पुन्हा मोजलं. एकशे अडतीसच!

मी तडक मालकाकडे गेले. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अहो, शेड नवीन बांधली तेव्हा मॅट पुढे सरकल्या ना. पाट्या कोण उपटत बसणार? आणि राहू द्या की. गिऱ्हाइकाला वाटतं आपला फटका लांब जातो, खूश होतं बिचारं." कपाळ माझं! म्हणजे एवढी वर्षं आम्ही लोकांना चेंडूंच्या जोडीला खोटे यार्डही देत होतो.

मी भाऊजींना वर बोलावलं, यंत्र त्यांच्या डोळ्याला लावलं. त्यांनी आकडा पाहिला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग शांतपणे मला म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे. पाटी बारा यार्ड अलीकडे आहे. पण आपले चेंडू मेलेले आहेत. खरा, नवा चेंडू याच फटक्याला बारा यार्ड जास्त जाणार. इकडचे बारा गेले, तिकडून बारा आले. दीडशेच."

"आणि आपण वरच्या मजल्यावर उभे आहोत त्याचं काय? उंचावरून मारलेला लांबच जाणार ना?"

"ते फारसं नसतं."

"आणि खालची जमीन फरशीसारखी टणक आहे, त्यावरून चेंडू घरंगळत जातो, ते? आणि ही रबरी मॅट? काठी चेंडूच्या मागे आपटली तरी सुळकन घसरून पुढे जाते. गवतात आपटली तर तिथेच रुतेल."

"वहिनी," भाऊजी हसून म्हणाले, "तुम्ही बादल्या भरा."

अशी माझी बोळवण झाली. आपल्या बाजूचं तेवढं हिशेबात धरायचं आणि उलट जाणारं सगळं 'फारसं नसतं' म्हणून झटकायचं, या कलेत आमच्या सासरच्यांचा हात कुणी धरणार नाही. घरी मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, "जाऊ दे ना, परीक्षेच्या तोंडावर कशाला त्याचं मन मोडतेस?" वर काय, तर कॅडी म्हणून तूच जा सोबत! कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा हमाल. गेले. करते काय? हे म्हणाले, "तू असलीस की तो निदान धड परत येईल." मी चिडले खूप, पण पिशवी उचलली.

खोटं कशाला बोलू, पहिली फेरी भाऊजी छान खेळले. लहान फटक्यांत तो माणूस जादूगार आहे. दुसऱ्या फेरीतही निम्म्याहून जास्त वाट सरली आणि अजून चार फटक्यांची उसंत हातात होती. मी मनातल्या मनात मालकाच्या तोंडावर कागद फेकून मोकळीसुद्धा झाले.

आणि ते तळं आलं.

छोटंसंच होतं ठिकाण. अलीकडे आपण, पलीकडे झेंडा, मधे पाणी. अंतराची पाटी इथेही होती, आणि ती खरी होती, एकशे अठ्ठेचाळीस. वारा अजिबात नाही, झेंडा मेल्यासारखा लोंबत होता. भाऊजींनी न बघताच पिशवीकडे हात केला. "सात."

"भाऊजी, सहा घ्या."

"सात, वहिनी."

मी सात दिला. फटका कसला सुंदर बसला म्हणून सांगू! रेंजवर हाच फटका बघून लोकांनी वा वा केलं असतं. चेंडू उंच गेला, सरळ झेंड्याच्या रोखाने, आणि पलीकडच्या काठाच्या बराच अलीकडे डुबुक्. आमच्यासोबत चालणाऱ्या परीक्षक बाई कागदावर काहीतरी लिहून पुन्हा समोर बघायला लागल्या.

अजूनही बिघडलं नव्हतं. पाण्यात गेलेल्या चेंडूमागे दंड धरून दोन फटके जातात, तरी एकावर निभत होतं. मी नवा चेंडू दिला आणि न विचारताच सहा नंबर पुढे केला. भाऊजींनी तो हळूच परत पिशवीत सारला. "फटका नीट नाही बसला, वहिनी. अंतर बरोबर आहे." पुन्हा सात. पुन्हा डुबुक्. तिथेच, पहिला पडला तिथेच!

मला रडू की ओरडू असं झालं. परीक्षक बाई ऐकतात की नाही याचंही भान राहिलं नाही. मी म्हटलं, "अहो, आता तरी ऐका! हात जोडते तुम्हाला. एक काठी बदलायची आहे फक्त!"

भाऊजी पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "सहा घेतला तर सात दीडशे जात नाही असं होईल."

"मग होऊ दे की!"

त्यांनी तिसरा चेंडू लावला. सात नंबरनेच. मी बघितलंच नाही, नुसता आवाज ऐकला.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने सहा नंबर काढला आणि चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर नेऊन ठेवला. परीक्षक बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि लगेच त्या ओशाळल्या. चार फटक्यांची उसंत कधीच बुडाली होती. त्या चांगल्या होत्या, म्हणाल्या, "इथे थांबलात तरी चालेल." भाऊजी म्हणाले, "नको, पूर्ण करतो."

पुढच्या ठिकाणी जरा थांबावं लागलं, आधीचे लोक खेळत होते. आम्ही बाकावर बसलो. माझ्या तोंडाशी शिव्यांची रांग लागली होती. पण भाऊजीच बोलले.

"मला ठाऊक होतं, वहिनी. तुम्ही यंत्र दाखवलंत त्याच्या कितीतरी आधीपासून. एकदा दुपारी रेंज रिकामी होती, तेव्हा खाली उतरून चालत मोजलं होतं."

मी थक्क. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सात खोटा म्हटला की सहा खोटा, मग पाच खोटा. एकेक करत सगळी पिशवीच खोटी. मग एवढी वर्षं मी तिथे करत काय होतो?"

पुढचे लोक गेले. मी पिशवी उचलली, भाऊजी उठले, आणि उरलेली सगळी ठिकाणं आम्ही खेळून संपवली. फुकटची पायपीट, पण त्यांनी एकही फटका टाकून दिला नाही.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेले. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, नुकतीच हॉस्पिटलातल्या कामावरून आली होती. दिवसभर वॉर्डात उभं राहून पाय सुजतात तिचे. स्वयंपाकघरात कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. आम्हाला बघून तशीच ओल्या पायांनी उठली.

"थोडक्यात गेलं गं," भाऊजी म्हणाले. "वारा आडवा होता."

"असू दे. पुढच्या वेळी नक्की होईल," ती म्हणाली. भाऊजी आंघोळीला गेले. न्हाणीघराचं दार लागलं, नळ सुरू झाला, आणि मी फुटलेच.

"वारा? वाऱ्याचं नाव नव्हतं! आणि पुढची वेळ कसली? परीक्षा पुन्हा येईतो मालकाने दुसरा माणूस बसवलेलाही असेल. या माणसाचा सात नंबर दीडशे जात नाही, कधी गेला नाही, जाणारही नाही. आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक आहे! तू जरा स्पष्ट सांग बाई. कुठेतरी धडशी नोकरी बघू दे. तू तरी किती दिवस असे पाय सुजवून घेणार आहेस?"

धाकटीने शांतपणे पाणी मोरीत ओतलं. माझ्याकडे वळली.

"ताई, मला काय कळत नाही? छापखाना बंद पडला तेव्हा तुम्ही अधूनमधून यायचात, आठवतं? तुम्ही घरी जाऊन सांगायचात, बरे आहेत हो भाऊजी, गुळगुळीत दाढी करून बसलेत."

"हो. मग?"

"ती दाढी मी करून द्यायचे. तुम्ही येणार म्हणून. ते पलंगावरून उठतच नव्हते, ताई. तोंडसुद्धा धूत नव्हते. सकाळी कामाला जाताना कुलूप बाहेरून लावू की नको, याचा विचार करत मी दारात उभी राहायचे. रेंजवर जायला लागले, तेव्हा कुठे पुन्हा स्वतःच्या हाताने दाढी करायला लागले."

नळ बंद झाला. तिने पदराला हात पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. भाऊजी केस पुसत बाहेर आले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. धाकटीही बघत होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "उद्या जरा लवकर या. वरच्या मजल्यावरची तुमची मॅट रिकामी ठेवते."