टेपची पेटी अन् दोनची पाळी

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर माह्या पोटात राहणार नाई. दोन वर्षं झाले, कोणालेच धड सांगितलं नाई.

मी तेव्हा बालाघाटले एका खाणीच्या ऑफिसात कम्प्युटरवर नवीनच लागली होती. आमच्या खोलीत फ्रिजएवढी टेप लायब्ररी होती. म्हणजे आतमध्ये खणाखणात टेपा, अन् एक लोखंडी हात. रोज रात्री तो हात टेप काढते, दिवसभराचं काम तिच्यावर उतरवते, परत खणात ठेवते. टेप बाहेर पायजे असली का बटन दाबा, हात ती समोरच्या खिडकीत आणून देते.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर सर्व्हर मेलेला. आमचे सर म्हणाले, "टेन्शन नाई, टेप आहे ना. खाणीवरच्या मशीनवर लावू."

मी बटन दाबलं. खिडकी बंदच. 'लॉक्ड' म्हणे.

तेवढ्यात सर्व्हेवाले काका आले. खाणीत खाली उतरून मोजमाप करणारे, नकाशे काढणारे हेच. "बाई, माहा नकाशा दे लवकर. दोनची पाळी खाली उतरन. नव्या बोगद्याच्या बाजूले जुना बोगदा आहे, पाण्यानं भरलेला. दोन महिन्याचं मोजमाप सारं त्या टेपवर आहे."

"अन् नाई भेटलं तर?"

"तर जुन्या कागदावर चालवा म्हणते मॅनेजर. त्या कागदात पाणी अंदाजानं दाखवलं आहे. मी थांबवतो म्हणलं तर म्हणते, नवा नकाशा दाखवा. कुठून दाखवू? चौदा पोरं आहेत पाळीत."

ते स्टुलावर बसले अन् घड्याळ पाहू लागले. अकरा.

सर्व्हर मरता मरता पेटीले कुलूप घालून गेलता, म्हून आम्ही पेटी बंद करून चालू केली. कुलूप निघालं! मी टाळीच वाजवली. हात निघाला घर्रर्र... अर्ध्यात टक! परत मागं. पुन्हा घर्रर्र, टक, मागं. चारदा तेच.

"अडून राह्यली म्हैस," सर म्हणाले.

"म्हशीले पिळाले शेपूट तरी राह्यते," काका म्हणाले. हसले नाई.

बारा वाजता नागपूरच्या इंजिनिअरले फोन लावला. "मैडम, खोलना मत, सील टूटी तो वारंटी गई। मैं कल सुबह आता हूँ। अंदर कुछ गिरा तो नहीं है?"

"नहीं, नहीं," मी पटकन म्हणलं. अन् म्हणता म्हणताच मले आठवलं.

खंडेनवमी! आम्ही साऱ्या मशिनींची पूजा केलती. सर नारळ फोडून राह्यले होते, अन् माह्या डोक्यात आलं का बाहेरून कुंकू लावून काय होते, काम तर आतच होते ना. खिडकी उघडी होती. हळदीच्या ओल्या अक्षता, मूठभर, दिल्या आत टाकून.

सांगू का नको? नवीन नोकरी. घरी बाबा साऱ्या गल्लीले सांगून राह्यले होते. मी चूप. साडेबारा झाले, मी चूपच.

काका म्हणाले, "साहेब, तोडा ते सील."

"कायले तोडू? कारण तर पायजे. उद्या वर जबाब कोण देईन?"

काकांनी खाणीवर फोन लावला, दोन मिनिटं बोलले, रिसीव्हर ठेवला. "मॅनेजर ऐकत नाई. उतरवतोच म्हणते."

"सर, कारण आहे," मी म्हणलं. "आत तांदूळ आहेत. मीच टाकल्या अक्षता."

काका म्हणाले, "लग्न लावलं काय वं मशीनचं?"

सरांनी पेचकस घेतला, सील फोडलं, झाकण काढलं. हात ज्या पट्टीवर धावते तिच्यावर पिवळे दाणे वाळून चिकटलेले. सरांनी टॉर्च धरला, मी केसाची पिन काढून एक एक दाणा उकरला. एक दाणा तर तीनदा निसटला.

सव्वा वाजता पेटी चालू केली. घर्रर्र... टकची जागा आली... गेली! खिडकी उघडली. काकांनी टेप रुमालात गुंडाळली अन् जीपकडे पळाले. पन्नाशीचा माणूस, असा पळताना मी कधी पायला नाई.

दोनचा भोंगा वाजला. सर अन् मी एकमेकांकडे पाहूनच नाई राह्यलो. दोन वीस. अडीच. फोन वाजला तर माह्या हातून पडता पडता वाचला.

"बाई, नकाशा निघाला. पाळी वरच बसवून ठेवली. पाणी लय जवळ आहे, कागदात दाखवलं त्याच्याहून लय."

"किती जवळ, काका?"

"ते नको विचारू. चहा पी तू."

मी चहा नाई पिला. तोंड धुवाले गेली अन् तिथंच बसली. बारा ते साडेबारा मी चूप होती ना, तो अर्धा घंटा डोक्यातून जाऊनच नाई राह्यला. काकांनी तो फोन लावलाच नसता तर बोलली असती का मी? मले नाई माहीत, खरंच.

तुमच्यासोबत झालं काय असं? सारे कारण शोधून राह्यले, अन् कारण तुमच्याच तोंडात? किती वेळ चूप राह्यले तुम्ही?