दाजीची दुसरी तपासणी

त्या वर्षी आमची पलटण काश्मीरमध्ये होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. दिंद्रुडच्या आमच्या घरातला पहिला बीए मीच, आणि ते मी अभिमानानं सांगतो. नाईक विष्णू माझा बडी. पोस्टवर बडी म्हणजे एकाच्या पाठीला दुसरा. त्याच भरवशावर मी माझी धाकटी बहीण सुनंदा त्याला दिली. गावात तो माझा दाजी, पलटणीत विष्णू.

अधिक महिन्याच्या धोंडे जेवणासाठी दोघांनी रजा टाकली होती. निघायच्या आधी हत्यारं साफ करताना तो म्हणाला, "मागल्या रजेवरनं येताना जंक्शनला एका बाईकडं गेलतो. निरोध नव्हता. तवापासून धास्ती हाय बे."

मी रायफल खाली ठेवली. त्याला सरळ एमआय रूममध्ये, पलटणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कॅप्टन साहेबांनी रक्त घेतलं. म्हणाले, "बहात्तर तासांत आला असतास तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू केल्या असत्या. आता तपासणी." रिपोर्ट साफ आला. पण तो अजून पक्का नव्हता. "काही काळ लागण रक्तात दिसत नाही. तीन महिने पुरे झाले की परत ये. तोवर बायकोजवळ निरोधाशिवाय जायचं नाही. समजलं?"

"येस सर."

बाहेर आल्यावर त्यानं मलाही शब्द दिला. सुनंदाला सगळं सांगीन म्हणाला.

रजेवर येऊन आठवडा झाल्यावर दिंद्रुडला धोंडे जेवण झालं. वडील नाहीत, म्हणून जावयाचे पाय धुण्याचा मान माझा. पाटावर दाजी, समोर परात. मी पाय धुतले, पुसले, टोपी घातली. पंगत उठल्यावर सुनंदा हसत म्हणाली, "दादा, पुढच्या रजेला पाळना घिऊनच ये."

मी त्याला गोठ्यात गाठलं.

"सांगितलंस तिला?"

"न्हाई."

"निरोध?"

"लेकरू पायजे म्हनती. कावून वापरता म्हनली तर काय सांगू?"

"आज सांगायचं. ऑर्डर हाय."

"इथं तू हवालदार न्हाईस. इथं मी जावई हाय."

आतून आई दाजींना पान द्यायला हाका मारत होती.

सुनंदाला मीच सांगितलं. ती रडली नाही.

"पाय धुतले तवा तुला ठाऊक व्हतं?"

"त्यानं शब्द दिलता मला."

"मला कुनी दिलता?"

दुसऱ्या दिवशी तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा पहिला रिपोर्ट साफ होता. तिलाही पुन्हा बोलावलं. दाजी एकटाच वडवणीला आपल्या घरी गेला.

पलटणीत परतलो. ड्यूटीपुरतं बोलायचो. त्याची दुसरी तपासणी जवळ आली होती तेव्हाच अतिरेकी लपल्याच्या खबरीवरनं आम्ही एका गावाला घेरा घातला. घराच्या दारातून आधी तो शिरला. गोळीबार झाला. मी वायरलेस सेटवर बोललो.

"एक जवान हिट. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

मी नाव सांगितलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते उतरायच्या आधीच तो गेला.

वडवणीत मानवंदना झाली. पुढारी आले, भाषणं झाली. सुनंदाला लोक वीरपत्नी म्हणू लागले. तिच्या तपासणीची तारीख आली तेव्हा सासरचे म्हणाले, दुखवट्यातली बाई दवाखान्यात कशाला? ती कुणाला काही न बोलता माझ्या गाडीवर बसली. बांगड्या नसलेला हात तिनं सुईपुढं केला. दाजीचा निकाल काय आला असता, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. तिचा साफ आला. दवाखान्याच्या पायरीवर ती पहिल्यांदा रडली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

हे लिहायला तिनंच सांगितलं. "नावं बदल, पन लिही. एखादी तरी येळेवर तपासून घील."

नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं आहे. दर वर्षी त्याच्या फोटोला हार सुनंदा घालते आणि सॅल्यूट मी करतो. सैनिक म्हणून तो कधी मागं राहिला नाही. त्या सैनिकाला सॅल्यूट करतो. दाजीला अजून माफ केलेलं नाही.