खाडीतली हरळी

आमच्याकडं भाताच्या रोपलावणीला पैरा असतो. आज आम्ही तुमच्या रानात येतो, उद्या तुम्ही आमच्या रानात या. मजुरी न्हाय, जेवण मात्र पोटभर. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावणीला बायकाच मिळेनात, सगळ्या बेळगावात कामाला लागलेल्या. तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, तिच्या सासरच्या गावातल्या चार मैत्रिणी घेऊन थेट आमच्या उचगावात येऊन उतरली. खाडीकाठच्या, मासे विकणाऱ्या बायका त्या. आमच्या चिखलात पडल्या, उठल्या, पोट धरून हसल्या, बेळगावच्या खडेबाजारात बांगड्या भरल्या आणि गेल्या. त्यांचा पैरा आमच्या अंगावर राहिला.

तो फेडायचा निरोप थंडीत आला. खाडीत गवत लावायचं होतं.

ऐकल्यापासून मला चैन पडेना. खाऱ्या पाण्यात गवत जगतं कसं? त्याला मुळं असतात का नुसतं तरंगतं? खातं कोण? मी फोनवर एकामागून एक विचारत सुटले, तेव्हा आक्का वैतागून म्हणाली की या आणि डोळ्यांनी बघा. मी ऑफिसात रजा टाकली. आमची काकू म्हणाली, समुद्रात लावण करायला निघालेत, काय तरी खूळ. पण पिशवी पहिली तिनंच भरली. रोप लावण्यात काकूचा हात धरणारं आमच्या गावात कुणी न्हाय, आणि हे तिला स्वतःला चांगलंच ठाऊक आहे.

आक्कानं लग्न तिचं तिनं जमवलं होतं. नोकरीच्या ठिकाणी ओळख झाली आणि शेतकऱ्याची पोरगी मासेमाराच्या घरात गेली. आमच्या घरात तेव्हा लई बोंबाबोंब झाली, पुढं निवळली. सासरी मात्र ती अजून घाटावरचीच. त्यात तिनं हे गवताचं मनावर घेतलेलं. पूर्वी खाडीच्या त्या उथळ भागात गवत होतं, त्यात कोळंबीची आणि माशांची पिल्लं लपायची. गवत गेलं, तशी पिल्लंही गेली. खाडीचा अभ्यास करायला येणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडून ती लावायला शिकली. पहिल्यांदा लावलेलं सगळं भरतीनं धुऊन नेलं. यंदा तिनं दिराची आणि गावातल्या जाळीवाल्यांची मनधरणी करून तेवढा तुकडा पावसाळा संपेपर्यंत मोकळा मागून घेतला होता. तोवर गवत धरलं नाही, तर पुन्हा तिथं जाळी पडणार आणि ती तोंडातून शब्द काढणार नाही, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती. हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं.

ओहोटीला मी, काकू आणि उचगावातून आलेल्या आणखी तिघी, अशा आम्ही पाचजणी साड्या खोचून चिखलात उतरलो. मला वाटलं होतं, गुडघाभर हिरवंगार काहीतरी असेल. कसलं काय! नखाएवढी पानं, चिखलाला चिकटलेली. म्हशीच्या एका घासालाही पुरलं नसतं. पण हात लावला तर खाली पांढरट दोऱ्यासारखा देठ लांबच लांब गेलेला. याला फूलही येतं, तेही पाण्याखाली, असं आक्का म्हणाली. मग मी वाकून फूलच शोधत बसले. तिच्या मैत्रिणींनी विचारलं, कानातलं पडलं काय गं?

जिथं गवत दाट होतं तिथून आक्का मूठ-मूठ काढून आणून द्यायची, आम्ही मोकळ्या चिखलात लावायचं. काकूनं जुडी घेतली, मांडीवर आपटून मुळांचा चिखल झाडला आणि अंगठ्यानं एकेक काडी सरळ खाली दाबत मागं मागं सरकायला लागली. तिचं बघून आम्हीही तेच केलं. बघता बघता सुतात धरल्यासारखी सरळ ओळ झाली. आम्ही कंबर सरळ करून कौतुकानं बघतोय, तोवर आक्का परत आली आणि जागच्या जागी थिजली.

"काकू, भात न्हाय हे! आडवं लावायचं, आडवं!"

काकूचा पारा चढला. आम्हाला लावण शिकवतीस व्हय, म्हणून तिनं सुरुवात केली. "आडवं मेलेल्या माणसाला ठेवत्यात. रोप उभंच ऱ्हातंय."

आक्काच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं खाली बसून एक काडी उपटली, मातीचा गोळा तसाच ठेवून बोटभर चरात आडवी ठेवली, वर पातळ चिखल ओढला आणि बांबूची वाकवलेली कामटी टोचून ती दाबून टाकली. हा देठ मातीखालून चालत जातो, पेरापेराला मूळ धरतो, उभा खुपसला तर कुजतो, असं ती सांगत होती. काकू डोळे बारीक करून बघत राहिली.

"म्हणजे हरळी हाय की ही," ती म्हणाली. "जल्मभर उपटून माझी नखं गेली, आणि आता लावायला बोलावलंस व्हय गं?"

हसून हसून आम्ही चिखलातच बसलो. मग सगळी ओळ उपटली आणि पुन्हा आडवी लावली. तोवर भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. सगळ्यात शेवटी काकू बाहेर आली, पाणी तिच्या मांडीपर्यंत आलेलं.

पुढं पावसाळा लागला. खाडी गढूळ झाली, खाली काय चाललंय ते दिसेना. मी विचारायची आणि आक्का म्हणायची, माहीत नाही. नंतर नंतर ती या विषयावर बोलेनाशीच झाली. मला कळत होतं की तिनं मनातून आशा सोडलीय, आणि इथं बसून मला काही करता येत नव्हतं. लई वाईट वाटायचं.

पाऊस सरला आणि एका सकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला. मी म्हटलं, झालं, गेलं सगळं.

दीर पहाटेच होडी घेऊन त्या तुकड्याकडं गेला, असं ती म्हणाली. जाळं घेऊन. बोलल्याप्रमाणं ती गप्प राहिली, दारात नुसती उभी राहून बघत होती. नेहमी तो उन्हं वर आल्यावर परततो, आज लगेच आला. जाळं खांद्यावरून उतरवून त्यानं दांडीवर टाकलं. तिनं हात लावून बघितलं, जाळं कोरडं होतं.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"मला काय न्हाय. सासूबाईंना म्हणाला, दुसरीकडं जातो. त्या तुकड्यात वहिनीचं शेत हाय."

एवढं सांगून आक्का फोनवर हुंदके देऊन रडायला लागली. काकू अंगणात तांदूळ निवडत होती, मी जाऊन फोन तिच्या कानाला लावला.