खालचं दार

गल्लीत तिला ‘चहावाली’ म्हणत, आणि चहा तर तिने आयुष्यात कधी विकला नव्हता. तलावाकाठच्या पाणीपुरवठा केंद्रात ती पाळीप्रमुख होती. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिच्या पाळीत शहरभरच्या नळांना चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सासूबाईंनी तर डागाळलेल्या पांढऱ्या चादरी मुद्दाम पुढच्या गॅलरीत वाळत घातल्या.

“बघू देत लोकांना, सूनबाईंचं कर्तृत्व,” एवढंच म्हणाल्या. ते वाक्य ती वर्षभर विसरली नव्हती.

चूक अशी, की ती करताना सगळे खूश होते.

तलाव मोठा, पलीकडचा काठ न दिसणारा. उन्हाळ्यात त्याचे दोन थर होतात. वर कोमट, हिरवट पाणी आणि खाली गार, जड. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. वरचं मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजतं आणि तिथला ऑक्सिजन संपवतं. मग गाळातलं लोह, मँगनीज पाण्यात उतरतं. तरी दिसायला ते पाणी निवळशंख असतं. क्लोरीन पडल्यावर हळूहळू रंग दाखवतं, पण तोवर ते नळांच्या वाटेला लागलेलं असतं.

तलावातून पाणी आत घ्यायच्या मनोऱ्याला दोन दारं, एक वर, एक खाली. उन्हाळ्यात हिरवं पाणी नको म्हणून खालचं दार उघडं ठेवत. ते त्या गार थराच्या जरा वरच होतं. पण काठाकडून आत वारा सुटला, की वरचं पाणी पलीकडे सरकायचं आणि तळाचं पाणी या काठाला वर चढायचं. गेल्या वर्षी असंच गार, स्वच्छ पाणी आलं आणि पाळीतल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. सगळ्यात जास्त तिने.

त्यानंतर हिवाळाभर ती प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंकडे जाऊन बसली. दोघींनी मिळून केंद्राच्या साहेबांचं डोकं खाल्लं आणि खालच्या दाराशी ऑक्सिजन मोजणारं यंत्र बसवून घेतलं.

यंदा उन्हाळा सरत आला आणि एका सकाळी पंपावरच्या काकांनी नमुन्याच्या नळाखाली हात धरला.

“अहाहा! ताई, फ्रिजमधलं वाटतंय. आज आराम समजा.”

तिने वाऱ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. आकडा घसरत होता. शून्यावर अजून आला नव्हता, कदाचित मध्येच थांबलाही असता. पण शून्याची वाट बघायची म्हणजे तळाचं पाणी नळांकडे निघून जाऊ द्यायचं.

“काका, खालचं दार लावू या. वरचं उघडा.”

“वरचं? तिथे नुसता हिरवा रंग कालवलाय! गाळण्या धुता धुता कंबर मोडेल. आणि इतकं सुरेख पाणी सोडलं म्हणून जाब कोण देणार?”

“मी.”

“नळांना वास आला तर?”

“तर चहावालीच्या जोडीला आणखी एक नाव पडेल. धरा दाराचं चाक.”

दार बंद होण्याआधी तिने खालचं पाणी पेलाभर काढून घेतलं, त्यात क्लोरीन घातलं आणि पेला खिडकीत ठेवला.

दिवसभर गाळण्या तुंबत राहिल्या. पाळीतली माणसं त्या धूत राहिली, काका पुटपुटत राहिले. तिने खिडकीकडे बघायचं टाळलं, पण पाय तिकडेच वळत होते. दुपारी पेला अजून स्वच्छ होता. उन्हं कलताना त्यात पिवळी झाक आली, आणि दिवे लागायच्या सुमारास काकांनी पेला उजेडात धरला. आत तपकिरी पाणी होतं.

काकांनी पेला तिच्यापुढे धरला. मग म्हणाले, “ताई, घेता का कपभर?”

“साखर कमी घाला,” ती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळी हसली.

घरी तिने पेला सासूबाईंपुढे ठेवला. “आई, हे आज नळाला येणार होतं.”

सासूबाईंनी पेला बघितला. उठून नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं. मग कपाट उघडून सगळ्या पांढऱ्या चादरी तेवढ्या भिजत घातल्या.

सकाळी ती बूट चढवत असताना खालून शेजारीण ओरडली, “काय हो, चहावाली निघाली का कामावर?”

सासूबाई गॅलरीत चादरी झटकत होत्या. कठड्यावरून वाकल्या.

“चहावाली? ती कोण? इथे माझी सून राहते, तलाव सांभाळते. आधी या पांढऱ्याशुभ्र चादरी बघा, मग तोंड उघडा.”

तिने बांधलेली नाडी पुन्हा सोडली आणि सावकाश पहिल्यापासून बांधायला घेतली.