मोठीआईची अर्धी भाकर

मोठीआई माणसाशी बोलताना तोंडाकडे बघायचीच नाही, पोटाकडे बघायची. माहेरी आलेली शेजारची लेक पाया पडायला वाकली, की आशीर्वादाच्या आधी ऐकू यायचं, "सासर मानवलं वं तुले. कंबर कुठं गेली?" स्वतः अगदी काडी. माझ्या वडिलांची ती थोरली भावजय. पण माझी आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळे आई म्हणायला मला ही एकच. अख्खं अमडापूर तिच्या जिभेला टरकून असायचं, आणि मी तर तिच्याच घरात राहत होते.

बिनआईचं लेकरू म्हणून लहानपणी तिनेच मला खाऊ घालून घालून फुगवलं. दूध-भाकरीचा काला, वर लोण्याचा गोळा, नको म्हटलं की पाठीत धपाटा. जावेच्या पोरीला उपाशी ठेवलं, असं कोणी म्हणायला नको ना! मी गुटगुटीत झाले तेव्हा माझे दंड गावभर दाखवत हिंडली. लग्नाच्या वयात तेच दंड तिच्या डोळ्यांत खुपायला लागले.

बारावीनंतर पिंपळगाव राजाचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता आणि मला आवडला, हे सरळच सांगते. चहा पिऊन झाल्यावर त्याची आई म्हणाली, "पोरगी चांगली हाये, पण अंगानं भारी हाये. कपाशी निघेपर्यंत उतरली तर पाहू." मी मान खाली घातली. मला हे स्थळ हवं आहे, हे मोठीआईने ओळखलं. त्याच संध्याकाळी माझ्या ताटातली अर्धी भाकर तिने उचलली आणि म्हशीपुढे टाकली.

"जेवढं पोटात जाते, त्याच्याहून जास्त घामात निघालं पाहिजे," एवढंच तिचं शास्त्र. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण घाम वाढला की भाकर आणखी तोडायची, असा तिचा खाक्या. बीटी कपाशी एकदम फुटायची आणि वेचायला बाया मिळायच्या नाहीत, त्यामुळे मी तिला आयतीच सापडले. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकर आणि दिवसभर वेचणी. संध्याकाळी कापसाची गाठोडी तोलून झाली, की त्याच टांगत्या काट्याला दोरी बांधून मला लोंबकळायला लावायची. "पाहा वं बायांनो, यंदा माह्या वावरात सगळ्यात चांगलं पीक हेच आलं!" बाया पोट धरधरून हसायच्या. मला वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. पण काटा उतरत होता, हेही खरं, आणि मला तेच हवं होतं.

एकदा उन्हात मी सरीतच आडवी झाले. आधी ती म्हणाली, "नाटकं करते." मग मी उठेना तेव्हा जीपमध्ये घालून चिखलीला नेलं. डॉक्टरांनी तिला समजावलं, वजन उतरवायचं तर हळूहळू उतरवा, एवढं राबवता तर खायलाही नीट घाला, दोन्हीकडून ओढाल तर पोरगी हातची जाईल. ती ऐकून घेत होती. उठताना म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही करून घेता का मंग सून?"  आम्ही घरी आलो आणि भाकर अर्धीच राहिली.

त्या साली बोंडअळी आली. बीटीला अळी लागत नाही, म्हणत होते. बोंडं उघडली तर आत सगळा चिखल. दुसरी वेचणी झालीच नाही. आता तरी सुटले, असं मला वाटलं. छे! "वेचायले नाही तर उपट," म्हणत तिने उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, माझ्याकडून उपटून घेतल्या. तळहात सोलून निघाले.

कपाशीचा हंगाम असा मध्येच संपला, आणि ठरल्याप्रमाणे पिंपळगावची माणसं आली. मुलाच्या आईने माझं मनगट चिमटीत धरून पाहिलं. मग ओसरीकडे पाहिलं. एरवी कापसाने भरलेली ओसरी मोकळी होती.

"पोरगी लय खंगली वं," ती म्हणाली. "या घरात खायले तरी हाये का?"

मोठीआई ताडकन उठली. आतल्या खोलीचं दार उघडून तिने ज्वारीच्या कोठ्या दाखवल्या. "घरात भरपूर हाये. पोरीले मीच देत नोती. तुम्हीच म्हणलं होतं नं!"

"म्हणजे लेकीले उपाशी मारणारं घर," बाई पदर सावरत उठली. "नको बाई." मुलगा तोवर अंगणात जाऊन चप्पल शोधत होता.

दिवेलागणीला मोठीआईने माझ्यापुढे ताट ठेवलं. दोन भाकरी, तूप, पिठलं. मी दोन घास खाल्ले आणि हात थांबला.

"खा नं. काऊन थांबली?"

"नाही जात, मोठीआई."

तिने ताट माझ्याकडे आणखी सरकवलं. मग म्हणाली, "टोपलीत रोज जास्तीची भाकर झाकून ठेवत होती मी. कडीसुद्धा लावत नोती. मले वाटे, चोरून खाशीन. सकाळी भाकर तशीच." आणि मग, जवळजवळ रागानेच, "मले काय माहीत, तू एवढी ऐकशीन!"

पुढे माझं लग्न चिखलीत झालं. मोठीआई जाऊन आता काही वर्षं झाली. मला तिचा अजून राग येतो, आणि ती अजून हवी होती असंही वाटतं. रोज सकाळी चालायला जाते, वेळेवर जेवायला बसते. घरातलं कोणीतरी हाक मारतं म्हणून. कारण भूक लागलीय, हे अजूनही माझं मला कळत नाही.