दोराचं वरचं टोक

करमाडच्या सांडूआबांना विमानाची भीती मुळीच नव्हती. चाळीस हात खोल विहिरींत बुड्या मारण्यात ज्यानं जन्म काढला, त्याला वर जायची कसली भीती? धास्ती होती ती एका कागदाची. लेकीनं, अपेक्षानं, अंदमानहून मोबाईलवर लांबलचक यादी पाठवली होती आणि थोरल्या मुलानं, राजेंद्रनं, ती वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून दिली होती.

अपेक्षा तिकडं पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. आईच्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा आपलं निम्मं सामान घरीच ठेवून गेली. विसरली म्हणे. विसरते कसली! म्हातारा नुसतं 'या' म्हटल्यानं उंबऱ्याबाहेर पडणार नाही, पण ओझं दिलं की निमूट येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कागदावर सगळं सांगितलेलं होतं. सुरी मोठ्या बॅगेत, ती काउंटरवर द्यायची. पायात घालायचे पंख तिच्यातच. टाकी तिकडं मिळते. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून : 'ज्याच्यावर जीव अवलंबून असतो ते हातातल्या पिशवीत. नजरेआड करायचं नाही.' तिच्या मनात होतं ते श्वास घ्यायचं यंत्र, रेग्युलेटर. आबांनी ते टॉवेलात गुंडाळून हातपिशवीत ठेवलं. पण त्यांच्या धंद्यात जीव ज्याच्यावर असतो ती वस्तू वेगळी होती. त्यांनी खुंटीवरचा दोर काढला, नीट वेटोळं केलं आणि त्याच पिशवीत घातला. कागदाबरहुकूम काम झालं म्हणून त्या रात्री ते गाढ झोपले.

आता या दोराचं सांगायला हवं. विहिरी भरलेल्या असायच्या तेव्हाची गोष्ट. मुकुंदवाडीपासून करमाडच्या पुढपर्यंत कुणाच्या विहिरीत काही पडलं की सांगावा यायचा, सांडूला बोलवा. पितळी घागर, इंजिनाचा पाइप, एकदा तर नव्या नवरीचं मंगळसूत्र. सांडू आणि त्याची बायको भामाबाई सायकलवरून जायचे. काठावर ती पाण्यातल्या साती आसरांना हळदकुंकू आणि खोबऱ्याची वाटी वाहायची. मग दोराचं एक टोक नवऱ्याच्या कमरेला बांधायची अन् दुसरं स्वतःच्या मनगटाला गुंडाळायची. पुढचं सगळं बोलणं दोरातून. एक हिसका म्हणजे ढील दे. दोन हिसके म्हणजे ओढ. तिसरा शब्द त्या भाषेत नव्हता.

सव्वीस वर्षं तिनं तो दोर धरला. गावातले बाप्ये म्हणायचे, बाईच्या हाती जीव देतोस का लेका? सांडू हसून बुडी मारायचा. डावा कान पाण्यानं खाल्ला, पण जीव शाबूत राहिला. अपेक्षा त्याच विहिरींत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकली. मग बोअर आले, विहिरी आटल्या, दोर खुंटीला लागला. काय दिवस होते ते! काम झाल्यावर दोघं बांधावर बसून भाकरी खायची, त्याच्या केसांतून पाणी गळत असायचं आणि ती पदरानं त्याचं डोकं पुसायची.

भामाबाई मागच्या साली गेली. जायच्या आधी म्हणाली होती, "पोरगी पाण्यात जाती. ह्यो दोर तिच्यापाशी पोचवा. तिथं लागायचा नाय, ठावं हाय मला. पर असू द्या." लेक वर्षश्राद्धाला आली तेव्हा आबांच्यानं तो खुंटीवरून काढवला नव्हता.

राजेंद्रनं त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर दाराशी सोडलं आणि तो शेंद्र्याला ड्यूटीवर गेला. मोठी बॅग काउंटरवर सुखरूप गेली. पुढं तपासणीत हातपिशवी यंत्रातून निघाली आणि बाजूला ओढली गेली. जवानानं काळ्या नळ्या उचलून विचारलं, "बाबा, ये क्या है?" त्यानं विचारलं नेमकं डाव्या कानाशी. दुसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "दम का यंतर है साब. पानी के नीचे का." आणि तोंडात धरून दाखवलंसुद्धा. धोतर, टोपी आणि तोंडात ती नळी. रांगेतली माणसं खो खो हसली, जवानही हसला. यंत्र पास झालं.

दोर मात्र तिथल्या साहेबीण बाईंच्या पुढ्यात गेला. बाई मराठी होत्या. "आजोबा, दोर आत नेता येणार नाही."

"का बरं? मी काय कुणाला बांधणार हाय व्हय?"

"तुम्ही नाही हो. पण नियम म्हणजे नियम. काउंटरवर परत जा आणि सामानात देऊन या. नाहीतर इथंच सोडावा लागेल."

"लेकीनं लिहून दिलंय, नजरेआड करायचा नाय." आबांनी कागद पुढं केला. मग न विचारताच सगळं सांगून टाकलं. विहिरी, हिसके, भामाबाई. शेवटी म्हणाले, "मंग मी जातच नाय."

बाईंनी कागद वाचून घडी घालून परत दिला. "आणि लेकीचं श्वासाचं यंत्र? ते कोण नेणार? जा आजोबा, पाऊण तास आहे अजून. मी सांगते तिकडं."

काउंटरवरच्या मुलीनं वेटोळ्याला चिठ्ठी लावली. आबांनी ते आपल्या उपरण्यात बांधलं, तरी दोराचं टोक बाहेर राहिलं आणि ते त्यांच्या मुठीतच होतं. पट्टा सरकू लागला. गाठोडं पुढं निघालं, पुढच्या रबरी झापडांमागं दिसेनासं झालं, आणि दोर उलगडत त्यांच्या तळव्यातून सरकायला लागला.

"आजोबा, सोडा!" मुलगी म्हणाली.

सुटेना. गाठोडं आत कुठंतरी अडलं असावं. दोराला हिसका बसला. एकच.

ढील दे.

आबांची मूठ आपसूक उघडली. टोक सरपटत गेलं आणि अंधारात शिरलं. आबा रिकामा हात तसाच धरून उभे राहिले. जन्मभर ते खालच्या टोकाला होते. तिथं करायला काम असतं, घागर चाचपायची असते. वरचं टोक त्यांनी आज पहिल्यांदा धरलं होतं. सव्वीस वर्षं ती बाई काठावर अशी उभी राहिली, काळ्या पाण्याकडं बघत, दुसऱ्या हिसक्याची वाट पाहत, आणि आपण एकदाही विचारलं नाही, भामे, तुला भ्या वाटतं का गं? त्यांना तिथंच, सगळ्यांसमोर रडू आलं.

दुसऱ्यांदा तपासणी पार करून ते खुर्चीवर टेकले आणि अपेक्षाला फोन लावला, उजव्या कानाला.

"आबा, यंत्र हातात आहे ना?"

"हाय. दोर मोठ्या बॅगेसंगं येतोय."

"कुठला दोर?"

"आल्यावर सांगतो. तू पाण्याखाली किती येळ राहती गं?"

"पाऊण तास. का हो?"

"काय नाय. वर आली की मला फोन करत जा. रोज."

पलीकडून लेक म्हणाली, "आईला करायचे तसा?"

आबांना हे ठाऊकच नव्हतं.